धर मेस्त्री आणि माझा फ्यूजचा डबा

माझ्या गाडीची बॅटरी मी कोंबड्यांचं चित्रीकरण करण्यात उतरवली. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस शहापुरात आता फारसा उरलेला नाही, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. त्यातून मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला विजेचा धडा दरवर्षी मीच घेतो आणि तो घेताना हल्ली मागच्या बाकांवरून बारीक आवाजात 'पक-पक-पकाक' ऐकू येतं. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.

पण ही हकीकत माझी नाही, धर मेस्त्रींची आहे. मी तिच्यात फक्त मधे मधे तोंडावर पडतो.

आसनगाव स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करायचे. त्या दुकानात रिकाम्या हातानं उभं राहण्याची सोय नव्हती. बॉनेट उघडलं की मेस्त्री मागे न बघता हात लांब करायचे आणि म्हणायचे, "धर." मग तुमच्या हातात काहीतरी यायचं. टॉर्च, दोन स्क्रू, वायरीचं टोक, आणि काहीच नसलं तर त्यांचा अर्धा प्यायलेला चहा. एकदा एक मोठे साहेब जीप घेऊन आले होते. मेस्त्रींनी त्यांच्या एका हातात हॉर्न दिला आणि दुसऱ्यात त्याचे नट. साहेबांच्या खिशातला फोन चार वेळा वाजला, पण साहेबांनी नट सोडले नाहीत.

मी एकदा विचारलं, "मेस्त्री, ह्याची खरंच गरज असते का?"

"हात मोकळा असला ना मास्तर, का माणूस अक्कल पाजळतो. स्क्रू दिला का त्याचं सगळं ध्यान स्क्रूवर. मंग आमी आमचं काम करतो."

हे ऐकताना माझ्या हातात तीन स्क्रू होते. मी ते परत मोजले.

मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या इंडिकेटरचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला सुई, एवढंच त्यांचं शस्त्र. "मीटर आकडा सांगतो, बल्ब खरं सांगतो," असं ते म्हणायचे. विज्ञानशिक्षक म्हणून मला हे पटायला नको होतं. पण माझ्या मीटरनं ज्या दिवशी बंद पडलेल्या स्कूटरची बॅटरी ठणठणीत दाखवली, त्या दिवसापासून मी मीटर शाळेतच ठेवतो.

आणखी एक सवय होती. कानामागे पेन असायचं. काम झालं की फ्यूजच्या डब्याचं झाकण उलटं करून आतल्या बाजूला ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचे: कुठली वायर कुठे टाकली, कशासाठी. "उद्या दुसऱ्या मेस्त्रीच्या हातात गाडी गेली, तर त्याला कळाय पायजे. त्यानं आपल्याला शिव्या कशाला द्यायच्या?"

तर मेहुण्यानं मला गाडीच्या काचेवर लावायचा कॅमेरा भेट दिला. हायवेवर कुणी धडक दिली तर पुरावा असावा, हा त्याचा हेतू. मी मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी मला सीटवर बसवलं, चिमटा गाडीच्या लोखंडाला लावला आणि सुई एकेका फ्यूजला टेकवत हुकूम सोडायला सुरुवात केली. "चावी फिरवा. काढा. फिरवा. काढा." बल्ब पेटे, विझे. काही फ्यूजवर मी चावी काढली तरी बल्ब पेटलेलाच राहायचा.

"ह्ये बघा मास्तर, ह्ये चोवीस तास जागे असतात. ह्यांच्याकडं जायचं नाय. आपला कॅमेरा गाडीबरोबर उठायला पायजे आन् गाडीबरोबर झोपायला पायजे." शेवटी एका फ्यूजवर चावी काढताच बल्ब गेला. "हा आपला."

मग तो फ्यूज काढून त्यांनी त्याच्या जागी दोन फ्यूज बसतील असा जोड लावला. वायर छताच्या कडेनं दडपली, खांबातल्या एअरबॅगच्या पुढून न नेता मागून घेतली. काळी वायर बोल्टला आवळली. झाकणात लिहिलं. एवढा वेळ मी टॉर्च, आरसा आणि त्यांचा चष्म्याचा डबा धरून बसलो होतो.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पुढचं मी केलं.

रोज सकाळी माझ्या बॉनेटवर ओरखडे दिसायचे. माझा संशय शेजारच्या आक्कांच्या बोकडावर होता. आक्का म्हणायच्या, "माझा बोकड तसला नाय." मला पुरावा पाहिजे होता. अशात कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वाचलं की गाडी उभी असतानाही समोर काही हललं तर हा कॅमेरा टिपू शकतो, फक्त त्याला चोवीस तास वीज पाहिजे. चोवीस तास जागे असणारे फ्यूज कुठले, हे तर मेस्त्रींनी मला स्वतः दाखवलं होतं! शनिवारी दुपारी मी डबा उघडला आणि कॅमेऱ्याची वायर उचलून तिकडे टाकली. चिकटपट्टी घरात नव्हती, म्हणून शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली जखमेवरची पट्टी गुंडाळली. बॅटरी उतरायला लागली तर आपोआप वीज तोडणारी एक डबी मिळते. ती जोडावी, असंही माहितीपत्रकात होतं. पण ते पुढच्या पानावर होतं.

सोमवारी मेस्त्रींच्या मुलीची, प्रणालीची परीक्षा होती. प्रणाली माझीच विद्यार्थिनी. सरकारी भरतीसाठी तिनं तीन वर्षं अभ्यास केला होता, आणि वयाच्या मर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी होती. केंद्र मुरबाडच्या पलीकडे एका कॉलेजात. दहाला गेट बंद, मग कुणाला आत घेत नाहीत. मेस्त्री रिक्षा ठरवणार होते. मीच म्हणालो, "रिक्षा कशाला? मी आहे ना!"

पावणेआठला स्कूटरवरून बापलेक माझ्या अंगणात आले. मेस्त्रींनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. त्यांच्या अंगावर ऑईलचा डाग नाही असं दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. खांद्याला हत्यारांची पिशवीही नव्हती. म्हणाले, "आज मेस्त्री नाय. आज बाप म्हणून आलोय."

मी ऐटीत चावी फिरवली. टिक. परत फिरवली. टिक-टिक. समोरचे दिवे मंद पेटले आणि माझ्याकडे बघत राहिले.

प्रणालीनं घड्याळ पाहिलं. हॉलतिकिटाची घडी घातली, उघडली, परत घातली. मेस्त्रींनी एकदा दिव्यांकडे पाहिलं आणि पांढऱ्या बाह्या वर सारल्या. गाडीचं तोंड घराकडे होतं आणि मागे रस्त्यापर्यंत उतार.

"मास्तर, रिव्हर्स टाका. क्लच दाबून ठेवा. मी सांगतो तवा सोडा. ओ आक्का! या जरा. ह्ये धरा!"

आक्कांना धरायला दिलं ते माझं बॉनेट. एका बाजूला आक्का, एका बाजूला प्रणाली, मधे मेस्त्री. गाडी मागे सरकायला लागली. पहिल्यांदा मी क्लच लवकर सोडला. गाडीनं आचका दिला आणि आक्का बॉनेटवर आडव्या झाल्या.

"आरं मास्तर, शाळंत काय नुसता पगार घ्यायला जातो का?" आक्का ओरडल्या.

दुसऱ्या खेपेला मेस्त्री "सोडा!" म्हणाले आणि इंजिन खोकत खोकत सुरू झालं. त्याच क्षणी कॅमेऱ्यालाही जाग आली. हे माझ्या लक्षात आलं नाही. मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायलाच तयार नव्हतो.

मेस्त्री आक्कांच्या नळावर हात धुवायला गेले, कारण बॉनेटवरचा सगळा मळ त्यांच्या शर्टाला लागला होता. प्रणाली मागच्या सीटवर येऊन बसली. धापा टाकत म्हणाली, "सर, परवापर्यंत तर गाडी चांगली होती ना?"

आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, म्हणालो, "अगं, वायरिंग बाबांनीच केलंय. मी काही बोलत नाही. पण वय झालं आता त्यांचं."

तिनं खिडकीतून नळाखालच्या बाबांच्या हातांकडे पाहिलं.

मेस्त्री पुढे माझ्या शेजारी बसले. फ्यूजचा डबा त्याच बाजूला, त्यांच्या गुडघ्याजवळ. मी घाईत झाकण नीट लावलं नव्हतं आणि फटीतून ती गुलाबी पट्टी डोकावत होती. मेस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी अंगठ्यानं झाकण दाबून बसवलं आणि मागे वळून म्हणाले, "पेनं दोन घेतलीस ना गो?"

"बाबा, परीक्षा कॉम्प्युटरवर आहे."

"असूं दे. धर." आणि कानामागचं पेन काढून तिच्या हातात दिलं.

किन्हवलीच्या पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, क्लच विसरलो. इंजिन गचके खाऊ लागलं. मेस्त्री एवढ्या जोरात "क्लच!" म्हणाले की दोन शेळ्या परत फिरल्या. मग सरळगाव गेलं, मुरबाड गेलं. दहाला सहा मिनिटं कमी असताना प्रणाली गेटातून आत पळाली. मेस्त्री कुंपणाच्या जाळीला धरून उभे राहिले, ती दिसेनाशी झाली तरी. मी तीन तास इंजिन बंद केलं नाही. त्यांनी त्याबद्दलही विचारलं नाही.

काही महिन्यांनी प्रणालीची निवड झाली. ती पेढे घेऊन दुकानात आली, तेव्हा मीही होतो. म्हणाली, "सर, बाबा गाडी ढकलत होते ते तुमच्या कॅमेऱ्यात असेल ना? मला द्या. बाबांचा पांढऱ्या शर्टातला फोटोच नाही."

त्या सोमवारीच मी कॅमेऱ्याची पिन उपटून ठेवली होती, पण तो तुकडा फोनवर घेऊन आधीच पाहिला होता, आवाज बंद करून. इंजिन सुरू झाल्याबरोबरचं पहिलं दृश्य: काचेपलीकडे मेस्त्री, तोंड उघडं, घामाघूम, शर्टावर कोंबड्यांची मळकी नक्षी, आणि डोळ्यांत असा आनंद की जणू इंजिनाऐवजी पोरगीच पास झाली. फार सुंदर होतं. मी उदार मनानं फोन पुढे केला. प्रणालीनं आवाज वाढवला.

"वय झालं आता त्यांचं," फोनमधून मी म्हणालो. चांगल्या, स्पष्ट, वर्गातल्या आवाजात.

दुकानात चारपाच गिऱ्हाईकं होती, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. सगळे आपापल्या स्क्रूकडे पाहू लागले. वर माझ्या फोनमध्ये त्याआधीचे तुकडेही होते. प्रणालीचं बोट सरकलं आणि एकामागून एक कोंबड्या सुरू झाल्या. बॉनेटवर चढणारी कोंबडी, उतरणारी कोंबडी, काचेत बघून स्वतःशीच भांडणारी कोंबडी. शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत. बोकड कुठेही नव्हता.

हसणं थांबल्यावर मेस्त्री मला म्हणाले, अगदी हळू, "पट्टी मी त्याच दिशी बघितली मास्तर. परीक्षेला निघालेल्या पोरीसमोर काय बोलायचं? पन तुमी ह्ये बोललात, ते मला ठाव नव्हतं. मुरबाडपतूर ती माझ्या हाताकडं बघत होती. मला वाटलं, घाबरलीय."

प्रणालीनं मान खाली घातली. मी मेस्त्रींची माफी मागितली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, त्यांच्या पोरीसमोर, नीट उभं राहून. ते "असूं दे" म्हणाले नाहीत. बल्ब घेतला, माझ्या गाडीकडे गेले आणि मागे न बघता हात लांब केला. "धरा."

टॉर्च होता. मी तो इतका स्थिर धरला, जितकं आयुष्यात दुसरं काही धरलं नसेल. त्यांनी पट्टी सोलून काढली, वायर होती त्या जागी परत टाकली आणि झाकण उलटं करून काहीतरी लिहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लिहिलं. मी वाचायला गेलो नाही. त्या दिवशी मनाशी शपथ घेतली की हा डबा आपण पुन्हा उघडायचा नाही. ती मी पाळली आहे.

पुढे त्यांचे हात खरोखरच थरथरू लागले. सुई फ्यूजवर टेकेना. प्रणालीची नेमणूक रायगडात झाली होती, ती त्यांना घेऊन गेली. निघायच्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेलो. एसटी लागली, मेस्त्रींनी पिशवी माझ्याकडे केली, "धरा," म्हणाले आणि वर चढले. मी धरली. एसटी सुटली. मी धरूनच होतो. मग भानावर येऊन गाडी काढली आणि हायवेला लागायच्या आधी एसटी गाठली. खिडकीतून पिशवी घेताना ते म्हणाले, "मास्तर, धरा म्हटलं व्हतं. ठेवा नाय म्हटलं." त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं. नंतर फोनवर बोललो, पण फोनवर त्यांना करमत नाही. हातात द्यायला काही नसतं.

परवा कॅमेरा बंद पडला. शपथेला जागून मी डब्याला हात लावला नाही. किन्हवलीच्या नाक्यावर एका नव्या मेस्त्रीनं दुकान टाकलंय, तिथे गेलो. अनोळखी माणूस, मला ओळखत नव्हता. त्याचं मला बरं वाटत होतं. त्यानं झाकण काढलं, उलटं केलं आणि थांबला. मग मोठ्यानं वाचू लागला:

"कॅमेरा चावीच्या फ्यूजवर आहे. काम नीट केलेले आहे. गाडीचे मालक मास्तर आहेत. माणूस चांगला आहे. डबा उघडू देऊ नये. हातात काहीतरी द्यावे."

त्यानं झाकण खाली ठेवलं, मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि टॉर्च पुढे केला.

"मास्तर तुमीच ना? धरा ह्यो. आन् तिकडं लांब उभं ऱ्हावा."