कावळ्याला ठाऊक असतं

जगात ज्ञानी दोनच, एक कावळा आणि दुसरा तोच कावळा, असं छातीठोकपणे सांगणारा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. साताऱ्याहून लग्न होऊन मी कुंभकोणमला आले, तेव्हापासून तिथल्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्या घरी हेच ऐकतेय. माणसाचं ज्ञान आणि जनावराचं ज्ञान एकाच जातीचं. जे जगायला उपयोगी पडतं आणि सहसा चुकत नाही ते ज्ञान, मग त्याची कारणं देता येवोत न येवोत. "कारणें सांगणें तें वकिलाचें काम," मामा आपल्या तंजावरी मराठीत म्हणत. "कावळा कधीं कारण सांगतो?" शेजारची गाय निवांत रवंथ करतेय, म्हणजे पाऊस नाही, या भरवशावर ते एकदा छत्रीविना तिरुक्करुगावूरच्या देवळाला गेले आणि चिंब होऊन परतले. "गाय चुकली नाहीं," ते शिंकत म्हणाले, "मी विचारिला तो प्रश्नच चुकला."

आमच्याकडे आधी कावळ्याला भात, मग माणसांना. मामी गच्चीच्या कठड्यावर तूपभात ठेवून उभ्या राहिल्या की कावळा हजर. तो भात ओळखतो की मामींना, हे ठरवायला मामा एकदा मामींचं नऊवारी नेसून, तोच तूपभात घेऊन गच्चीवर गेले. कावळा फिरकला नाही. समोरच्या बाईंनी मात्र "मामी, आज स्वयंपाक लवकर आटोपला वाटतं?" असं विचारलं. कावळा पास, शेजारीण नापास, म्हणून मामा आठवडाभर खुशीत होते.

हल्ली मामींना विसर पडू लागलाय. परवा डॉक्टरांनी मामांकडे बोट दाखवून विचारलं, "यांचं नाव काय?" मामी लाजून हसल्या आणि गप्प बसल्या. डॉक्टरांनी मान हलवली तसे मामा तमिळमध्ये उसळले, "लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. आज कसं घेईल? सांगितलं नाही म्हणजे ठाऊक नाही असं होतं का?" आयुष्यभराचा सिद्धान्त त्यांनी त्या खोलीत पणाला लावला होता.

घरी आल्यावर मामींनी पानं वाढली. मामांच्या सारभातातल्या मिरच्या त्यांनी नेहमीसारख्या वेचून काढल्या. माझ्या भातातल्या तशाच राहिल्या.

"मामा, तुमचंच खरं ठरलं," मी म्हटलं.

"ठरलें गे," भात कालवत ते म्हणाले, "तीस ठाऊक आहे." मामी ताक आणायला आत गेल्या, तेव्हा हळूच पुढे म्हणाले, "पण एकदां नांव घेतलें असतें, तर बरें होतें."