हिंगाची हजेरी

"आला का गं वास?"

साथीच्या दिवसांत रोज सकाळी काकू जाळीच्या दारामागून विचारायच्या. एका हाताने मास्क नाकावर दाबलेला, दुसऱ्या हातात चरचरणारी फोडणीची पळी. या आजारात वास येणं बंद होतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत मजल्यावरच्या तिन्ही घरांची परीक्षा सुरू झाली.

दुधाच्या पिशव्या, भाजी आणायच्या पाळ्या, जिन्याचा कठडा पुसणं, सगळं मी लावून दिलं होतं. फोडणी माझ्या यादीत नव्हती. पण "आला, काकू" असं ऐकल्याशिवाय त्या आतल्या दाराची कडी लावायच्या नाहीत. समोरचे काका मुद्दाम म्हणायचे, "आज हिंग कमी पडला."

"नाक शाबूत आहे तुमचं. जा आता आत."

हसू नका. तुम्हीही तेव्हा उगाचच साबण हुंगून पाहिला असेल.

काकू एकट्या राहायच्या, मुलगी परदेशात. मरणाचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. "पण शेवटी हाकेला ओ द्यायला कोणी नसतं गं," असं त्या एकदा म्हणाल्या. मी विषय बदलून सॅनिटायझर संपलंय का, ते विचारलं.

एका सकाळी जळक्या मोहरीने माझे डोळे चुरचुरले. बाहेर आले तर काकू जाळीमागे शांत उभ्या होत्या. पळीतलं तेल काळंकुट्ट.

"आला का गं वास?"

"काकू, करपलीये फोडणी."

त्यांनी पळी नाकाशी नेली. मग मास्क खाली ओढून पुन्हा नेली. 

"तुम्हाला येतोय ना," त्या म्हणाल्या, "मग झालं."

संध्याकाळी रुग्णालयाची गाडी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. तिथून त्या परतल्या नाहीत. आमच्यापैकी कोणालाही तिकडे जाऊ दिलं नाही.

त्यांचा सिलिंडर मी काढून ठेवला, पळी घासून पालथी घातली, आतलं दार ओढून घेतलं आणि जाळीला बाहेरून कुलूप लावलं.

काही दिवसांनी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर हिंगाचा वास. ताजा, खमंग. माझी शेगडी अजून पेटलेली नव्हती. समोरचे काका दारात उभे राहून त्या कुलपाकडे बघत होते. मी काही विचारायच्या आत ते हळूच म्हणाले, "आला, काकू."

मीही म्हटलं.

जाळीमागे आतली कडी लागली.