खांबाखालचं निंब

अक्का गेल्याची बातमी मला ज्या माणसाने दिली, त्याला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. धरणगावात माझं तेलाचं दुकान आहे. शटर नुकतंच वर केलं होतं, डब्यांवरून फडकं फिरवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "सुभाषभाऊ ना? मी साक्रीहून बोलतोय, रिटायर पोस्टमास्तर. आज अक्का आल्या नाहीत." मला काही उमजेना. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राहते धुळ्यात, एकटी. ती साक्रीला कशाला जाईल? मग त्यांनी सावकाश सांगितलं, की रोज सकाळी सहाला ते पाच-सहाजण आपापल्या घरून रेडिओवर भेटतात, आणि अक्का कधी चुकत नाही. तासभर हाका मारल्या, उत्तर येईना. शेवटी त्यांनी शेजारच्या बाईंना फोन करून किल्ली घेऊन आत पाठवलं. अक्का खुर्चीतच बसलेली होती... समोर रेडिओ, बाजूला बशी झाकलेला चहा. मी शटर खाली ओढलं आणि धुळ्याची एसटी धरली.

सगळ्या रस्त्यात मला तिचा आवाज नाही, आमच्या घाण्याचा आवाज ऐकू येत होता. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, बैलाचा लाकडी घाणा होता. दुपारभर बैल डोळ्यांवर झापडं बांधून गोल फिरायचा, आणि उखळात उभी असलेली बाभळीची जाड लाट तीळ रगडत करकरत राहायची. आम्ही पोरं त्या आवाजाने पेंगायचो. अक्का मात्र बैलाबरोबर फिरत लाटेला कान लावायची आणि मला म्हणायची, आत कोणीतरी बोलतंय. मीही कान लावायचो. मला नुसती करकर. मी म्हणायचो, तुझं डोकं फिरलंय, बैलासारखं. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्या रेडिओतली खरखर मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हाही मला काही कळलं नव्हतं, आणि ती तशीच मान तिरपी करून ऐकत होती.

तिने लग्न केलं नाही. आईने त्यापायी आयुष्यभर जीव खाल्ला, तिचा आणि माझाही. धुळ्याच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती, तिथेच तिला हॅम रेडिओचा नाद लागला. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, लायसन मिळवायचं आणि स्वतःच्या घरातून जगभरच्या असल्याच नादिष्टांशी बोलायचं. चाळिशी उलटल्यावर ती परीक्षेला बसली. मी तोंडावर म्हटलं होतं, ह्या वयात बायका जपमाळ घेतात, तू तारेवरचं कट-कड कट-कड करतेस. ती हसली फक्त. माझ्या बोलण्याचा तिला कधी राग आला नाही, याचा मला फार राग यायचा.

सुरुवातीला तिच्या रेडिओच्या एरियलची तार शेजारच्या शेवग्याला बांधलेली असायची. रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात तिने लोखंडी खांब उभा करायचं ठरवलं, घराच्या दुप्पट उंच. हा अख्खा खांबच बोलणार होता, नि म्हणूनच त्याचा पाय जमिनीला टेकून चालणार नव्हता. टेकला, तर बोललेलं सगळं आकाशात जायच्या ऐवजी मातीत जिरतं, असं तिने मला समजावलं होतं. खांब आणि खालचा सिमेंटचा ओटा यांच्यामध्ये वीज न पोचू देणारं काहीतरी हवं. लोक चिनी मातीचं बसवतात, कॉलेजच्या ओळखीने तिला ते मिळालंही असतं. पण तिने मला फोन केला. "आबानी लाट माले दे रे. दोन वीत तुकडा पुरे. जलमभर तेल पिएल शे, पानीले जागाच नही तिनामा." तेल मुरलेल्या लाकडात पाणी शिरत नाही, आणि पाणी नाही तर वीजही नाही, असा तिचा हिशेब.

आबा गेल्यावर घाणा मोडला होता, पण लाट मी गोठ्यात उभी करून ठेवली होती. हातही लावू दिला नव्हता कुणाला. बरं, इतकी जपायची तर पुसायची, झाकायची... तेही नाही. नुसती माझी म्हणून ठेवलेली. अक्काला नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि लाटेवर करवत चालवायलाही हात धजेना. शेवटी मी काय केलं, ऐका. गोठ्याच्या जुन्या आढ्याचा निंबाचा एक तुकडा कापला. दोन दिवस त्याला तिळाचं तेल चोपडलं, वर थोडी पेंड चोळली, आणि गोणपाटात गुंडाळून धुळ्याला नेला. थोरल्या बहिणीला फसवलं, सरळ सरळ.

अक्काने तो मांडीवर घेतला, गाल टेकवला. नखाने थोडंसं खरवडून जिभेला लावलं. मला वाटलं, तेलाची चव बघतेय. मग म्हणाली, आबांचा वास येतो रे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि माठापाशी बराच वेळ उभा राहिलो.

त्या खांबाचं मग पावसाळ्यात काहीतरी बिनसायचं. लाकडाला ओल लागली की आवाज क्षीण होतो, लांबच्या लोकांना मी नीट ऐकू जात नाही, असं ती फोनवर सहज सांगायची आणि मी घाईने दुसराच विषय काढायचो. पहिल्याच वर्षी तिने फर्मान काढलं, दसऱ्याला घाण्याची पूजा व्हायची ना आपल्याकडे, मग आता तू इकडे येत जा, तेल घेऊन. तेव्हापासून तेरा दसरे मी गेलो. त्याआधी मी तिच्याकडे दोन-दोन वर्षं फिरकत नव्हतो, हेही सांगितलं पाहिजे. आदल्या संध्याकाळी पोचायचं. सकाळी अजून उजाडतंय तेवढ्यात तिचा रेडिओ सुरू झालेला असायचा. मी अर्धवट झोपेत पडून ऐकायचो. खरखरीतून एखादा आवाज यायचा, विहिरीतून यावा तसा, कुणाकडे धुकं पडलेलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं... मग तो विरघळायचा आणि दुसरा यायचा. घरात चहाचा वास, खिडकीत लांबवर लळिंगचा डोंगर निळा. मला वाटायचं, आबाही बोलतील आता. मग आम्ही अंगणात जायचो. मी ब्रशने तेल लावायचो, लाकूड प्यायचं, परत लावायचो. अक्का स्टुलावर बसून, इथे राहिलं, तिथे राहिलं, करत बसायची. किती वेळा तोंडावर आलं होतं, अक्का, हे आबांचं नाही. एकदा तर 'अक्का' इथपर्यंत बोललोही. ती म्हणाली, काय रे? मी म्हटलं, तेल संपलं.

ती गेल्यावर मला एकच ध्यास लागला. सुतकामुळे यंदा आमच्याकडे दसरा नव्हता, तरी त्या दिवशी मी लाट कापली. कापताना डोळ्यांत पाणी आलं ते लाटेसाठी की कशासाठी, माहीत नाही. दोन वीत तुकडा घेऊन धुळ्याला गेलो. वाटलं, जिवंतपणी नाही तर नाही, आता तरी तिच्या खांबाखाली खरं लाकूड बसवू. पोस्टमास्तरांना बोलावून घेतलं होतं; सडसडीत, पांढऱ्या मिशांचे, प्रत्यक्ष पहिल्यांदाच भेटले. अंगणात त्यांच्यासमोर मी गोणपाट सोडलं आणि सगळं सांगून टाकलं, जसं इथे सांगितलं तसंच.

ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, "निंब ना? आम्हाला माहीत आहे." जिभेला कडू लागलं तेव्हाच अक्काने निंब ओळखलं होतं. खांब उभा राहिला त्याच दिवशी तिने कॉलेजातला मेगर, म्हणजे लाकडातून किती वीज झिरपते ते मोजायचं यंत्र, लावून पाहिला होता आणि रेडिओवर सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती, की भावाने निंब दिलंय, लाट त्याच्याने सुटली नाही. पोस्टमास्तर म्हणाले होते, बदला मग. त्यावर ती काय म्हणाली, ते त्यांनी तिच्याच बोलीत सांगितलं. "निंब का असेना, तेल पाजत ऱ्हायनं म्हणजे व्हई जास आपलं. त्या निमितखाल भाऊ दरसाल तरी ई."

म्हणजे मी दरसाल यावं, एवढ्यासाठी. मी स्टुलावर बसलो. तेरा वर्षं जी गोष्ट मी तिच्यापासून लपवली, ती तिने आकाशभर सांगितली होती. केरळातल्या कुणा डॉक्टरला माहीत होती, आसामातल्या एका चहामळेवाल्याला माहीत होती, आणि दर दसऱ्याला मी घरी परतलो की दुसऱ्या सकाळी ही माणसं तिला विचारायची, निंबाला तेल पाजलं का? मला माहीत नव्हतं, एवढंच. आधी मला लाज वाटली, मग रागही आला तिचा. अगं, एकदा म्हणायचंस तरी, सुभ्या, लबाडा! मी तिथेच मोकळा झालो असतो... आणि मग दसऱ्याला आलो नसतो कदाचित. हे तिला ठाऊक होतं.

तरी मी हट्टाने म्हटलं, खरी लाट बसवूच. पोस्टमास्तर म्हणाले, मोजून बघू. रेडिओची तार सोडून त्यांनी आधी खांबाखालच्या निंबाला आपल्या पिशवीतला मेगर लावला आणि दांडा फिरवला. काटा पार टोकाला जाऊन थांबला. थेंबभर वीज झिरपत नव्हती. मग माझ्या लाटेला लावला. काटा मधेच लटपटला. गोठ्यातल्या ओलीवर इतकी वर्षं उभी, वर तेलाचा थेंब नाही. वाळून तिला चिरा पडल्या होत्या आणि चिरांत पावसाळा शिरला होता.

मग मी नेहमीसारखं निंबाला तेल लावलं. ते पूर्वीसारखं पीतही नव्हतं, वरूनच ओघळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोस्टमास्तरांनी आपला सेट आणून अक्काच्या टेबलावर जोडला. खरखरीतून एक म्हातारा आवाज आला, हिंदीत, फार लांबून... दीदी नहीं रहीं, मालूम है, पर नीम को तेल पिलाया क्या? मला लायसन नाही, मला बोलता येत नाही. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ते म्हणाले, "पिलाया. भाई आया है."

घराचं काय करायचं ते बघू. खांब मात्र काढणार नाही, तसं मी त्यांना सांगून आलोय. तेलाचा डबा आणि ब्रश तिच्या खिडकीत आहेत. लाटेचा तुकडा परत आणला नाही. निंबाच्या शेजारी ओट्यावर ठेवलाय, वर पत्रा झाकून. पुढच्या दसऱ्यापासून दोघांना पाजायचं.