अष्टमीची भरती

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. पावसाळ्यात अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. जाळी दुरुस्त करण्यापलीकडे माणसांना काम नसायचं, आणि रिकामी माणसं भांडतात. आदल्या वर्षी भजनस्पर्धेच्या निकालावरून दोन आळ्यांनी महिनाभर अबोला धरला होता. म्हणून मी म्हटलं, यंदा प्रश्नमंजूषा घेऊ. मी विरारच्या शाळेत नवा मास्तर, आमच्या आळीतला पहिला पदवीधर. अंगात हौस मावत नव्हती.

तयारी मात्र झकास केली, हे आजही छातीठोकपणे सांगतो. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, कोऱ्या बाजूला वर प्रश्न आणि खाली उत्तर लिहिलं. संघ तीन: तरुण, बायका आणि म्हातारे. घंटी कुठली आणायची? प्रत्येक संघापुढे पितळी थाळी आणि लाटणं ठेवलं. ज्याची थाळी आधी वाजेल त्याने बोलायचं. पुन्हा भांडण नको म्हणून फळ्यावर ठळक अक्षरात नियम लिहिला: कार्डावरचं उत्तर अंतिम.

म्हाताऱ्यांच्या संघात माझे बाबा होते. जन्म होडीवर गेलेला, शाळेची पायरी न चढलेला माणूस. यायला तयारच नव्हते. "मला काय येनार रे पोरा? गाव हसंल."

"दर्याचे प्रश्न ठेवलेत, बाबा. या तर खरे."

ठेवले होतेच, आणि ते त्यांच्यासाठीच होते. चारचौघांत त्यांनी एकदा थाळी वाजवावी आणि गावाने बघावं, एवढीच माझी इच्छा होती. घरी आमची ही प्रश्नमंजूषा रोजचीच होती. सकाळी चहाची बशी तोंडाला लावण्याआधी ते विचारायचे, "आज तिथ कोनती?" मी तिथी सांगायची आणि भरतीची वेळही. हिशोब सोपा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं; अमावास्या-पुनवेला हिशोबच नको, सरळ बारा. पाऊणकी मी शाळेत नाही, त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

रविवारी दुपारी चारला देवळापुढचा मांडव गच्च भरला. आमचे मुख्याध्यापक पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. बाबा धुतलेला सदरा घालून आले, खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. तासभर गंमत चालली. हशा, टाळ्या, थाळ्यांचा नुसता दणदणाट.

मग मी वाचलं, "अष्टमीला पूर्ण भरती किती वाजता?"

वाक्य संपायच्या आत बाबांनी थाळी हाणली. उभे राहिले. "सहाला!"

मी कार्डावर पाहिलं. उत्तर होतं बारा. माझ्या लगेच लक्षात आलं. आधी प्रश्न अमावास्येचा होता. तो फार सोपा वाटला म्हणून आदल्या दिवशी मी वरचा शब्द खोडून अष्टमी केलं, आणि खालचं उत्तर बदलायला विसरलो. कप्पाळ माझं! एवढंच म्हणायचं होतं, "चूक माझी, बाबांचं बरोबर." पण समोर मुख्याध्यापक, फळ्यावर माझाच नियम, आणि उत्तर देणारा माझाच बाप. लोक म्हणतील, मास्तरने घरच्या माणसासाठी कार्ड फिरवलं.

"चूक," मी म्हणालो. "उत्तर आहे बारा."

मांडवात कुजबुज सुरू झाली. भरती न कळणारं माणूस त्या गावात होतंच कोण? मागून एक म्हातारी ओरडली, "ए, येडा झाला का तू? सहाच!" मी फळ्याकडे बोट केलं. लोक चिडायला लागले तसा बाबांनी हात वर केला.

"मास्तर सांगतात तेच बरोबर," ते म्हणाले, आणि लाटणं हळूच थाळीत ठेवून बसले.

पुढे त्यांनी एकदाही थाळी वाजवली नाही. बायकांचा संघ जिंकला, भांडण झालं नाही, मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. कार्यक्रम यशस्वी झाला, असंच सगळे म्हणत होते. मला मात्र घरी जायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला त्यांच्याजवळ जाऊन बसलो. तिथी पाठ करूनच आलो होतो. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि पिऊन टाकला. काही विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. पोरा म्हणणंही त्या दिवसापासून बंद झालं. मी मास्तर झालो, तेही अहोजाहो करून. माफी मागायचं रोज ठरवायचो आणि रोज शाळेची घाई पुढे करायचो. अशी वर्षं गेली हो, वर्षं!

शेवटी ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी त्यांच्या उशाशी बसलो आणि धीर करून विचारलं, "बाबा, आज अष्टमी. पाणी कधी भरेल?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "कार्ड बघा, मास्तर," म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"सहाला," मी म्हटलं. "सहाला भरेल, बाबा. तुमचंच बरोबर होतं."

तोवर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.