खाजणातला राजमहाल

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकही झाड नाही. बेलपाड्याचं मिठागर, एप्रिलची दुपार, डोळे दिपवणारे पांढरे वाफे, चिखलाचे अरुंद बांध. मध्यभागी मैना. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढते आहे. सहावा महिना लागलेला. पहाटे घरून निघताना लोटाभर पाणी प्यायली, तेवढंच. आता तिन्हीसांजेपर्यंत तहान मारायला तोंडात चिंचोका.

सगळ्याच बायका असं करत. पुरुष बांधापलीकडे तोंड फिरवत नि मोकळे होत; बायकांना दूरवर आडोसा नव्हता.

मैना पनवेलला आमच्याकडे मिठाची पाटी घेऊन यायची. मी तेव्हा नाटक कंपनीत होते, आणि तिला माझ्या नकला फार आवडायच्या. त्या दिवशी मात्र ती ओटीवर बसली ती ओटीपोट धरूनच.

"उन्हाळी लागलीय, बाय. निस्ती आग. धन्याचं पाणी पिलं, सब्जा पिला."

कपाळाला हात लावला तर चटका बसला. तशीच टांग्यात घालून दवाखान्यात नेली.

"नुसत्या उन्हाचं हे काम नाही," डॉक्टर म्हणाले. "लघवीच्या वाटेनं जंतू आत शिरतात. तू दिवसभर अडवून धरतेस, मग ते आरामात वाढतात. वर मूत्रपिंडापर्यंत चढले तर बाळंतपण वेळेआधी व्हायचं. या सल्फाच्या गोळ्या सगळ्या संपव. भरपूर पाणी पी, लागली की लगेच जाऊन ये, आणि धुताना पुढून मागे धू."

मैनाला मूल हवं होतं. लग्नाला सात वर्षं झाल्यावर पाळणा हलायची आशा लागली होती. तरी आठवड्यात ती पुन्हा तापानं फणफणून दवाखान्यात!

"गोळ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"आग थांबली, मंग उरल्या त्या जनीला दिल्या. माजी जाऊ ती. तिला बी तीच कळ. मी एकटी कशी खाऊ?"

"गोळ्या म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे, वाटायला?" डॉक्टर कडाडले. "जनीला इकडे पाठव, तिला तिच्या देईन. आणि पाणी?"

मैना खाली बघत म्हणाली, "पिऊन जाऊ कुठं, डाक्टर? आडोसा हाय कुठं?"

डॉक्टरांनी गोळ्यांची नवी पुडी तिच्या हातात ठेवली. पण मैनानं तो प्रश्न तिथं सोडला नाही. ताप उतरताच ती थेट मुकादम काशिरामपुढं उभी राहिली. चार बांबू नि नारळाचे थोडे झाप मागितले.

"राणीसायबांना म्हाल पायजे काय?" तो सगळ्यांदेखत हसला.

"पायजे," मैना म्हणाली. "देनार नसशील तर आमी बांधू."

हे तिनं मला रंगवून सांगितलं, तेव्हा आमच्या कंपनीच्या गोदामात उंदरांनी कुरतडलेला एक पडदा पडून होता. राजमहालाचा! सोनेरी खांब, झुंबर, दोन मोर. मालकांना विचारून तो मी तिला दिला. जनीनं नवऱ्याकडून बांबू तोडून घेतले, बायकांनी ते बांधाच्या टोकाला रोवले आणि पडदा त्यांच्याभोवती गोल गुंडाळला. मोरांची तोंडं बाहेर. आत मडकंभर पाणी.

आता प्यायच्या पाण्याचा माठ बांधावर आला. चिंचोके सुटले. "राणी म्हालात गेली!" असं कुणी ओरडलं की सगळं मिठागर हसायचं. काशिराम चार दिवस कुरकुरला. पण ताप नाही, कण्हणं नाही, बायका झपाझप मीठ ओढतात, हे पाहून पाचव्या दिवशी त्यानं स्वतः एक तुटलेला बांबू बदलला.

मैनानं या खेपेस गोळ्या एकटीनं संपवल्या. ताप फिरून आला नाही. श्रावणात, दिवस पुरे भरून, मुलगी झाली. नाव ठेवलं सत्यवती.

काही वर्षांनी मैना नवऱ्याबरोबर जासईच्या मिठागरावर राहायला गेली. निघताना भेटायला आली, तेव्हा मी प्रयोगासाठी नऊवारी नेसून बसले होते. नऊवारी नेसल्यावर आम्ही नट्याही पाण्याला शिवत नसू. सोडणं-नेसणं कोण करणार? तिनं माझे सुकलेले ओठ पाहिले, न विचारता माझ्याच माठातून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"नाटक जरा थांबंल, बाय. ही कळ नाय थांबत. घे, पी."