घळीतले अकरा पांढरे कुर्ते

अकरा ट्रेकर, आणि अकराच्या अकरा जण पांढऱ्याशुभ्र, लखनवी चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्यांत! अशी वरातच बसमधून उतरली.

"कुलकर्णीसाहेब, फोनवर काय ठरलं होतं? लाल, पिवळं, भडक काहीतरी घाला म्हटलं होतं ना मी?"

"सांगितलं हो सगळ्यांना. पण फोटो म्हटल्यावर लखनौवाले चिकनच घालणार ना, यार! काल चौक बाजारात जाऊन नवे घेतले सगळ्यांनी. मीपण."

कुलकर्णी मूळचे सांगलीचे, लखनौला बँकेत. त्यांच्या ट्रेकिंग क्लबच्या पुस्तिकेसाठी कव्हर फोटो हवा होता. ही नव्वदच्या दशकातली, फिल्मच्या जमान्यातली गोष्ट. लखनौच्या महानगर भागातल्या एका स्टुडिओत दोन वर्षं मी नुसते पासपोर्ट फोटो काढत होते. निघताना मालक रिझवीसाहेबांनी बजावलं होतं, "मोहतरमा, पहला आउटडोर है। बिगड़ा, तो फिर वही स्टूल, वही परदा।" त्या स्टुलाचा मला वीट आला होता.

जागा यमुनेकाठच्या बीहडातली. बीहड म्हणजे पावसाने मातीत कोरलेल्या घळींचं जाळं. हिवाळ्यात सगळं कोरडंठाक, पायाखाली भुसभुशीत रेती. आमची घळ जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी आणि भिंती तीन मजली उंच. ऊन आत यायचं ते एकाच जरा रुंद वळणावर, तेही दुपारी अर्धा तास. बाकी सगळी सावली.

कॅमेऱ्यात स्लाइड फिल्म होती. छपाईला उत्तम, पण भारी हट्टी. उन्हाला धरून फोटो काढला की सावली काळीकुट्ट, सावलीला धरून काढला की ऊन पांढरंफटक. त्यात पांढरा कुर्ता उन्हात आला की फोटोला भोकच! फ्लॅश मारावा तर सगळे पासपोर्टसारखे चपटे.

मी सावलीत लाइट मीटर धरून कपाळाला हात लावून बसले होते. तेवढ्यात कुलकर्णी घाम पुसत वळणावरच्या उन्हात आले. मीटरचा काटा टुणकन उडाला. ते बाजूला झाले, काटा पडला.

"साहेब, परत उन्हात या! छाती पुढे!"

"काय झालं?"

"तुमचा कुर्ता उजेड फेकतोय!"

मी अक्षरशः नाचले. पाच जणांना कॅमेऱ्यामागे उन्हात उभं केलं, कुर्त्यांचे घेर पसरून धरायला लावले. समोरच्या सावलीत सहा जण चालू लागले. त्यांच्या चेहऱ्यांवर दुधासारखा मऊ उजेड आला. सगळे खिदळत होते. कुलकर्णी तेवढे कुर्त्याचा घेर धरून माझ्याकडे वळले.

"मॅडम, मी फोटोत नाही?"

"सगळ्यात रुंद कुर्ता तुमचाच आहे हो."

"आईला पत्र टाकलंय, कव्हरवर येतोय म्हणून."

मला फार वाईट वाटलं. पण ऊन सरकत होतं. त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि छाती पुढे काढली. मी छत्तीसच्या छत्तीस फ्रेम संपवल्या.

रिझवीसाहेब भिंग लावून बराच वेळ स्लाइड पाहत राहिले. "अच्छा... ये रोशनी कहाँ से लाईं?"

"बैंक से, साहब।"

स्टूल सुटलं.

पुस्तिका छापून आल्यावर कुलकर्णींनी एक प्रत सांगलीला पाठवली. आधी मला दाखवली. कव्हरच्या खालच्या कडेला पेनाने एक बाण काढून लिहिलं होतं, 'आई, मी इथे बाहेर उभा आहे. उजेड माझा.'

पुढे मी उजेड फेकायला चांगला रिफ्लेक्टर घेतला. पण आउटडोरच्या बॅगेत एक पांढरा कुर्ता आजही असतो. सगळ्यात मोठ्या मापाचा.