नटराजाची पूजा आणि आमचे पुरोगामी बापू

मंडळी, आज विधवांच्या सन्मानावरचं नाटक केलं. नायक आमच्या आळीतले बापू. प्रॉम्प्टिंगला त्यांची विधवा वहिनी आणि पडद्याच्या दोरीला मी.

पहिल्या घंटेआधी नटराजाची पूजा झाली. वहिनी निरांजन घेऊन पुढे आल्या, तर बापू म्हणतात, "वहिनी, तुम्ही मागेच राहा हो. शुभकार्य आहे."

शेवटच्या प्रवेशात बापू गरजले, "मी या समाजाला विचारतो..." आणि पुढचं वाक्य विसरले. आशेनं विंगेत बघू लागले.

वहिनींनी संहिता मिटली. "मी मागेच आहे, भावजी."

"पडदा पाड रे!" बापू माझ्यावर फिस्कारले.

नाही पाडला. समाजाला जाब विचारणाऱ्यानं जरा उजेडात उभं राहिलं, तर काय बिघडलं हो?